नागोठणें ते रोहें : एका आंखूड वाटेचा इतिहास

पेणेहून दक्षिणेस निघालेला रस्ता वडखळावरून नागोठण्यास येतो आणि तेथून पुढें त्याला दोन दिशा फुटतात. एक वाकण, कोलाड, इंदापूर, माणगांव या क्रमानें महाडाकडे जाते. आजचा मुंबई-गोवें महामार्ग तो हाच. दुसरी वाट नागोठण्यापासून डोंगराच्या अंगास वळते, भिसे खिंडीनें तो ओलांडते, अवचितगडाच्या पायथ्याशीं असलेल्या मेढें गांवावरून कुंडलिकेच्या खोऱ्यांत उतरते आणि अष्टमीवरून नदीपलीकडे रोह्यास पोंचते. या दुसऱ्या वाटेची लांबी फार तर चौदा-पंधरा किलोमीटर भरेल. मोटारीनें जाणाऱ्या मनुष्यास ती एका चढउताराची वाटते व तो तिला विसरून जातो. परंतु उत्तर कोंकणांतील दळणवळणाचा इतिहास लिहूं पाहणारास ही वाट सोडून चालणार नाहीं, इतकेंच नव्हे तर वरील महामार्गापेक्षां हीच अधिक जुनी व एके काळीं अधिक महत्त्वाची होती, असें आमचें मत आहे. तें कोणत्या आधारावर बनलें तें पुढें दाखवीत आहों.

प्रथम भूगोल. कारण कोंकणांत राजे बदलतात, खाड्या व खिंडी बदलत नाहींत. या टापूंत दोन नद्या आहेत. अंबा सह्याद्रींतून निघून पालीच्या परिसरांतून वाहत नागोठण्यापाशीं येते व पुढें धरमतरच्या खाडीनें मुंबईच्या बंदरांत मिळते. कुंडलिका भिऱ्याकडून येऊन कोलाड, रोहें यांवरून रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. भरतीचें पाणी एका बाजूस नागोठण्यापर्यंत व दुसऱ्या बाजूस रोहें-अष्टमीपर्यंत चढतें. म्हणून हीं दोन्ही गांवें जुन्या काळीं बंदरें होतीं, आणि समुद्रापासून इतक्या आंत असूनही बंदरें होतीं हेंच त्यांचें वैशिष्ट्य. या दोन पाण्यांच्या मध्यें जो डोंगर आहे त्याची सर्वांत सोयीची उतारवाट म्हणजे भिसे खिंड.

आतां या दोन खाड्यांत एक मोठा भेद आहे. अंबेची खाडी मुंबईच्या आडोशाच्या बंदरांत उघडते. कुंडलिकेची खाडी रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून थेट उघड्या समुद्रांत पडते. पावसाळा लागला कीं उघड्या समुद्रावरील गलबतें किनाऱ्यास ओढून शाकारावीं लागत व नारळी पौर्णिमा होईपर्यंत तीं पुन्हां पाण्यांत पडत नसत. म्हणजे रोह्याचा तांदूळ वर्षांतून आठ महिने रेवदंड्यावरून जलमार्गानें जाऊं शके. उरलेल्या चार महिन्यांत त्याला खिंड चढून नागोठण्याच्या पाण्यावर येण्यावांचून गत्यंतर नव्हतें. दोन पाण्यांस जोडणारा हा कोरडा सांधा होय. त्याचें महत्त्व त्याच्या लांबीवरून मोजूं नये.

या प्रदेशांतील रहदारी किती जुनी आहे याची साक्ष डोंगरांतील लेणीं देतात. पालीच्या पूर्वेस सह्याद्रीच्या कुशींत ठाणाळें व खडसांबळें येथें बौद्ध लेणीं आहेत. हेन्री कझिन्स यानें त्यांचें वर्णन १८९१ सालीं प्रसिद्ध केलें. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडच्या खाडीवर कुडें येथील लेणीं असून त्यांतील ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्याचा उल्लेख येतो. लेणीं वाटेच्या आश्रयानें राहतात; भिक्षूंस भिक्षा हवी, व्यापाऱ्यास पुण्य हवें आणि उभयतांस पावसाळ्यांत निवारा हवा. ठाणाळ्याजवळच्या घाटवाटा उतरून आलेला मनुष्य अंबेच्या खोऱ्यांत येतो. त्यास मांदाडकडे जावयाचें असेल तर अंबा व कुंडलिका यांच्यामधला डोंगर कोठें तरी ओलांडणें भागच आहे. तो भिसे खिंडींतूनच ओलांडला जात असे याचा लेखी पुरावा अर्थातच नाहीं, पण नकाशा समोर ठेवून पाहणारास दुसरी इतकी सोपी जागा सांपडत नाहीं.

लेखी इतिहासांत नागोठणें पोर्तुगीजांच्या हालचालींबरोबर प्रवेश करतें. इ. स. १५२९ च्या सुमारास एइतोर द सिल्व्हेरा हा पोर्तुगीज सरदार नागोठण्याच्या नदींत शिरला व त्यानें कांठचीं गुजराती अंमलांतील गांवें जाळलीं. परततांना नागोठण्याच्या अधिकाऱ्यानें घोडदळ व पायदळ घेऊन त्यास गांठलें. यावरून त्या वेळीं हा टापू गुजरातच्या सुलतानाकडे होता व नागोठण्यास लष्करी ठाणें होतें, हें स्पष्ट होतें. पुढें १५४० सालीं पेणेजवळचा सांकशी व पनवेलजवळचा कर्नाळा या किल्ल्यांवरून गुजरातवाले, अहमदनगरचा निजामशहा व वसईचे पोर्तुगीज यांच्यांत जी ओढाताण झाली तिचा शेवट निजामशाहीच्या बाजूनें लागला. गुजरातची सत्ता येथून मागें हटली व चौल (जुन्या कागदांतील चेऊल) ज्या राज्याचें मुख्य बंदर होतें त्या राज्यांत नागोठणें आलें.

येथें आपण नागोठण्याच्या पुलापाशीं येतों. अंबेवरील हा दगडी पूल आजही उभा आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत त्याविषयीं जी माहिती नोंदली आहे ती अशी कीं, तो चौलच्या काजी अलाउद्दीन यानें इ. स. १५८२ च्या सुमारास तीन लक्ष रुपये खर्चून बांधला व निजामशाही फौज दक्षिण कोंकण जिंकावयास जात होती तिच्या सोयीसाठीं बांधला. हें विधान तेव्हांपासून एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आलेलें आहे. त्यांतील बांधणाराचें नांव व काल यांवर अविश्वास दाखविण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. बाकीच्या दोन गोष्टी मात्र तपासून घेण्याजोग्या आहेत.

पहिली खर्चाची. निजामशाही कोंकणांत व्यापाराचें नाणें म्हणून लारी चाले, हिशेब होनांत होत. रुपयांतील आंकडा हा मागाहून कोणी तरी आपल्या काळच्या चलनांत केलेला तर्जुमा दिसतो. तीन लक्ष ही संख्याही सांगोवांगीच्या कथांत शोभणारी वाटोळी आहे. तिच्यावर कोणतेंही अनुमान बांधूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा पूल फौजेसाठीं बांधला असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. फौजा दसऱ्यानंतर बाहेर पडत व पावसाच्या आधीं परतत. त्या दिवसांत अंबेचें पाणी उतरलेलें असतें आणि नागोठण्याच्या वरच्या अंगास नदी पायउतार होते. एका स्वारीसाठीं चिरेबंदी पूल बांधण्याइतका वेळ व पैसा खर्च करणारा सेनापति विरळा. शिवाय पुलाची रुंदी पाहावी. कठड्यांच्या मधली जागा इतकी अरुंद आहे कीं समोरासमोर आलेल्या दोन भरल्या गाड्यांस तेथून जातां येणार नाहीं. परंतु लादलेल्या बैलांच्या रांगेस, घोड्यास, पालखीस व पायीं चालणारास ती पुरेशी आहे. आणि त्या काळच्या कोंकणांत रहदारी होती ती अशीच. गाडी हें कोंकणच्या रस्त्यावरचें बरेंच अलीकडचें वाहन आहे. कोणी असा आक्षेप घेईल कीं तोफेचा गाडा जाण्यास इतकी रुंदी पुरते. पुरते खरी, पण तोफ जाऊं शकते एवढ्यावरून पूल तोफेसाठींच बांधला असें सिद्ध होत नाहीं.

मग तो कोणासाठीं बांधला? बांधणारा चौलचा आहे हा यांतला खरा धागा. निजामशहानें १५७०-७१ सालीं पोर्तुगीज चौलास वेढा घातला तो फसला, व त्यानंतर तह झाला. तहानंतर वरच्या चौलचा व्यापार पुन्हां वाहूं लागला असला पाहिजे. चौलाहून अहमदनगराकडे जाणाऱ्या मालास घाट चढावयाचा, तर अंबा ओलांडावी लागे. चौल व रोहें नदीच्या एका तीरास, पेण, पाली व तेथून वर जाणाऱ्या घाटवाटा दुसऱ्या तीरास, अशी येथील मांडणी आहे. भरतीच्या पाण्यामुळें नागोठण्याच्या खालीं खाडी रुंद व चिखलाची होते. फार वर जावें तर फेरा पडतो. म्हणून नागोठणें हीच ओलांडण्याची जागा. तेथें बारमहा वापराचा पूल झाल्यानें लाभ होणार तो चौलच्या पेठेचा, आणि त्या पेठेंतील एका वजनदार काजीनें तो बांधावा हें स्वाभाविक आहे. पूल, विहीर, सराई बांधणें हें मुसलमानी समाजांत सबाबाचें काम समजलें जाई हेंही विसरूं नये. दक्षिण कोंकणच्या स्वारीची कथा मागाहून जोडली गेली असावी. मोठें बांधकाम दिसलें कीं त्यास मोठी लढाई चिकटविण्याची लोकांची संवय आहे.

पूल चौलच्या वाटेसाठीं बांधला गेला, पण त्याचा लाभ रोह्याच्या वाटेसही तितकाच झाला. पुलाच्या चौल-रोहें बाजूस उतरल्यावर एक वाट खाडीकांठानें पोयनाडकडे व दुसरी खिंडीकडे जाते. नागोठणें हा नाका बनला तो यामुळें.

शिवकालांत या वाटेच्या दक्षिण टोकाविषयीं एक उत्तम समकालीन साक्ष मिळते. राज्याभिषेकाच्या वेळीं रायगडास गेलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मे १६७४ मध्यें मुंबईहून निघून चौलास आला, तेथून नदीनें वर अष्टमीपर्यंत गेला व पुढें खुष्कीनें निजामपूर, गांगवली, पांचाड या मार्गानें रायगडास पोंचला. त्याच्या वृत्तांतांतील ‘एस्थेमी’ ही आपली अष्टमी होय. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. राजधानीस जाणारा परकी वकील कोलाडकडचा मार्ग न धरतां अष्टमीवरून जातो. म्हणजे त्या काळीं रायगडाचें जलमार्गावरील दार अष्टमी हें होतें. आणि ज्यास मुंबईहून चौलास जावयाचें नसून सरळ आंतल्या पाण्यानें येऊन रायगड गांठावयाचा असेल त्यानें नागोठण्यास उतरून खिंडीनें अष्टमीस यावें व तेथून ऑक्झिंडेनचीच वाट धरावी, हें ओघानेंच आलें. ऑक्झिंडेन गेला तो वैशाख-ज्येष्ठाचा काळ होता. महिनाभर उशीर झाला असता तर उघड्या समुद्रानें चौलास जाणें त्यास कठीण झालें असतें.

शिवाजी महाराजांस वाटा, बंदरें व मालाचे भाव यांचा परस्परसंबंध किती बारकाईनें ठाऊक होता हें त्यांच्या ७ डिसेंबर १६७१ च्या पत्रावरून सर्वश्रुत आहे. कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेल्या त्या पत्रांत बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितलें आहे. हेतु हा कीं परमुलखांतील स्वस्त मीठ येऊन आपल्या मुलखांतील मिठाचा बाजार बसूं नये. पेण-नागोठण्याच्या खाड्यांसही तोच न्याय लागूं होता. पेणेचीं मिठागरें आणि घाटावरचे वंजारी यांचा संबंध पिढीजाद. तांडे घाट उतरून धान्य आणीत व मीठ भरून परत जात.

खिंडीच्या रक्षणासाठीं अवचितगड आहे. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारें हजार फूट उंच, झाडींत दडलेला, आणि त्याच्या माथ्यावरून कुंडलिकेचें खोरें दृष्टीच्या टप्प्यांत येतें. मेढें, पडम व पिंगळसई या तिन्ही गांवांहून वर जाण्याच्या वाटा आहेत. त्यांपैकीं मेढें हें नांव विचार करण्याजोगें आहे. लांकडी खुंटांच्या तटास आपल्या जुन्या कागदांत मेढेकोट म्हणतात. किल्ल्याच्या पायथ्याशीं व खिंडींतून उतरणाऱ्या वाटेवर हें गांव असल्यामुळें येथें एके काळीं वाटेची चौकी व तिच्याभोंवतीं मेढ्यांचा तट असावा आणि त्यावरून गांवास नांव पडलें असावें, असा आमचा तर्क आहे. स्थलनामांवरून इतिहास काढतांना जपून चालावें लागतें हें खरें, पण येथें जागा व शब्द एकमेकांस दुजोरा देतात.

१७३३ सालीं बाजीराव पेशव्यांनीं जंजिऱ्यावर जी मोहीम केली तींत रायगड परत मिळाला, व तळें, घोसाळें, बिरवाडी यांच्याबरोबर अवचितगडही मराठ्यांच्या पदरांत पडला. हीं नांवें नकाशावर लावून पाहावीं. रोह्याभोंवतालच्या वाटांचे हे पहारेकरी आहेत. ज्यास हबशास दंडा-राजपुरीच्या कोपऱ्यांत कोंडावयाचें त्यास रोह्याची पेठ हातीं हवी, आणि पेठ राखावयाची तर उत्तरेकडून रसद येण्याची खिंड मोकळी हवी. हबशी, आंग्रे व पेशवे यांच्या तिरंगी झगड्यांत अवचितगडाचें नांव पुनःपुन्हां कां येतें याचें उत्तर गडाच्या बळकटींत नसून त्याच्या पायथ्याशीं आहे.

या गडावर एक लेख आहे. त्यांत शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काल दिला आहे. शकांत १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां बाकी ५० उरते व प्रभवापासून पन्नासावा संवत्सर नलच येतो. तेव्हां काल निर्दोष जुळतो. हा दिवस इ. स. १७९६ च्या एप्रिलाच्या दुसऱ्या आठवड्यांत पडतो. लेख बुरुजावर असल्यानें त्या पाडव्याच्या सुमारास गडाच्या बांधकामावर हात फिरला असें म्हणावयास हरकत नाहीं. १७९३ सालीं रघूजी आंगरे वारल्यावर शेजारच्या कुलाबा संस्थानांत वारसाच्या अल्पवयामुळें कलह माजला होता; त्याच वर्षांत येथें चुना-दगडाचें काम निघावें हा केवळ योगायोग नसावा. खिंडीकडे पाहणारा गड अठराव्या शतकाच्या अखेरीसही निकामी झालेला नव्हता, एवढें तरी या लेखानें ठरतें.

इंग्रजी अमलांत मात्र वाटेचें दैव फिरलें. सांकशी तालुका १८१८ सालीं पेशवाईबरोबर कंपनीकडे गेला. रोह्याकडील बराचसा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानांत होता, तो १८४० सालीं संस्थान खालसा झाल्यावर गेला. मधलीं वीस-बावीस वर्षें ही आंखूड वाट दोन सरकारांच्या हद्दींतून जात होती. आणि नेमक्या याच वर्षांत इंग्रजांनीं कोंकणांतील आपले रस्ते आंखले. १८३० च्या नोव्हेंबरांत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच सुमारास गव्हर्नर माल्कम यानें महाबळेश्वरास हवा खाण्याचें ठाणें वसविलें, आणि मुंबईहून तेथें जाणारे साहेबलोक नावेनें नागोठण्यास उतरून पालखींतून महाडाकडे जाऊं लागले. त्यांना रोह्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्यांस सपाट व सरळ जमीन हवी होती, ती वाकण-कोलाडकडे होती. शिवाय त्या बाजूनें आंग्र्यांच्या हद्दीचा प्रश्नही टळत असे. पुढें खडी पडली ती याच मार्गावर, आणि गाडीच्या चाकानें खिंडीच्या बैलवाटेस मागें टाकिलें. सह्याद्रीकडील बाजूस खोपोलीवरून पेण बोरघाटाशीं जोडली गेली. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला तोंपर्यंत ही मांडणी पक्की होऊन बसली होती.

रोह्याचा यांत तोटा झाला कीं काय असा प्रश्न येतो. बाजारपेठ म्हणून रोहें टिकलें, कारण कुंडलिकेचें पाणी होतें. परंतु महामार्गावरचें गांव ही पदवी कोलाडास मिळाली. नागोठणें मात्र दोन्ही वाटांवर राहिलें. शासनाच्या दप्तरांतही या गांवाची स्थिति मोठी बोलकी आहे. पूर्वीं नागोठणें पेण तालुक्यांतील महाल होता, आज तें रोहा तालुक्यांत आहे. पुलाकडे पाहिलें तर तें पेणेचें, खिंडीकडे पाहिलें तर रोह्याचें. दोन्ही विभागणींस आधार आहे.

लोहमार्गाची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. दिवा-पनवेलचा फांटा १९६६ सालीं आपट्यापर्यंत आला व १९८६ सालीं रोह्यापर्यंत वाढला. त्यावरील स्थानकांचा क्रम पेण, कासू, नागोठणें, निडी, रोहें असा असून कोलाड हें रोह्याच्या पुढचें, कोंकण रेल्वेचें पहिलें स्थानक आहे. म्हणजे दीडशें वर्षें ज्या मार्गानें रोह्यास बाजूस ठेविलें त्याच्या उलट रुळांनीं नागोठणें-रोहें हा जुना क्रम पुन्हां पत्करला. आंखणी करणाऱ्या अभियंत्यांपुढें इतिहास नव्हता, जमिनीचे चढउतार होते. पण बैलवाट पाडणाऱ्यांपुढेंही तेच होते.

जुलै १९८९ मध्यें अंबेस जो महापूर आला त्यांत जांभूळपाड्यासारखीं गांवें उद्ध्वस्त झालीं व नागोठण्यासही पुराचा जबर तडाखा बसला. काजीचा पूल त्यांतून वांचला. चारशें वर्षांपूर्वींच्या गवंड्यांस नदीची ओळख किती नेमकी होती हें त्यावरून कळतें. आज त्यास भय आहे तें पाण्याचें कमी व दुर्लक्षाचें अधिक. २०११ सालीं सुरू झालेल्या महामार्गाच्या रुंदीकरणांत पनवेल ते इंदापूर या टप्प्यावर जुन्या रस्त्याचे काठ उकरले गेले. असल्या कामांत मैलाचे दगड, वाटेवरच्या विहिरी, झाडाखालचे वीरगळ कोणी मोजून ठेवीत नाहीं. खिंडीच्या वाटेवरही रुंदीकरणाचें काम केव्हां तरी येईलच. त्याच्या आधीं भिसे खिंडीपासून अष्टमीपर्यंतचा प्रत्येक कोरीव दगड जागच्या जागीं टिपून, त्याचें माप व ठसा घेऊन ठेवणें अवश्य आहे.

दगडांपेक्षांही कागद नाशिवंत. या वाटेचा खरा हिशेब जकातीच्या कागदांत असावयाचा. मराठी जकातींत माल जेथें भरला जाई तेथें थळभरीत व जेथें विकला जाई तेथें थळमोड घेत; त्यामुळें एकाच मालाच्या दोन पावत्या हातीं आल्यास त्याची वाट आपोआप उमगते. पेण, नागोठणें, अष्टमी व रोहें येथील जुन्या व्यापारी, देशमुख, कुळकर्णी व काजी घराण्यांच्या रुमालांत असले कागद असण्याचा संभव मोठा आहे. ते बहुधा घरमालकांस निरुपयोगी वाटतात, कारण त्यांत इनाम नसतें, वतन नसतें, पूर्वजाचा पराक्रमही नसतो. बैलांची संख्या, मिठाचीं मापें व चौकीचें नांव एवढेंच असतें. संग्राहकांनीं अशा रुमालांतून सनदा व महजर तेवढे उचलून बाकीचे कागद परत ठेवण्याची जी चाल आहे ती या कामीं घातक ठरते. काजी घराण्यांतील फारसी कागद तर सहसा उघडलेही जात नाहींत. पुलाची नेमणूक, दुरुस्तीचा खर्च अथवा अलाउद्दीनाच्या वंशजांचा एखादा दावा त्यांतच मिळण्यासारखा आहे. ज्यांच्या संग्रहांत नागोठणें, भिसें, मेढें अथवा अष्टमी या नांवांचा एखादा जकातीचा, दस्तकाचा किंवा चौकीपहाऱ्याचा कागद असेल त्यांनीं त्याची नक्कल, मिति व शिक्क्याच्या ठशासह, मंडळाकडे धाडावी.